खड्ड्यात पडलेलं मेंढरू

वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट करून आल्यावर मुंजाबानं टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्वतः बनवलेला पहिलावहिला गेम लावला आणि आईला, सुगंधाबाईला, खेळायला बसवलं. डोंगरातले खड्डे उड्या मारत ओलांडून शेवटच्या झेंड्यापर्यंत पोचणारा धनगर आणि त्याच्यामागं शोभेपुरतं एक मेंढरू.

पहिला खड्डा तिनं झकास ओलांडला. मेंढराला उडी मारायला मुंजाबानं अजून शिकवलंच नव्हतं. ते खड्ड्यात पडलं. सुगंधाबाईनं धनगर मागं वळवला आणि त्यालाही सरळ खड्ड्यात उतरवलं. खेळ संपला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"आये, झेंड्याकडं पुढं जायचं असतंय. तू सारखी मरायलीस."

"मी कशाला मरू? मेंढरू आणायला उतरले. वर यायला वाट तूच ठिवली नाय."