दिवाळीत दिलेलं पातं

चौसष्ट साली म्हसवडजवळच्या वाडीत नर्सबाई पाचवीच्या पूजेला गेल्या, तर पाटावर सटवीपुढं हळदकुंकू वाहिलेलं दाढीचं पातं. “हे कुठलं, पारूबाई?” त्यांनी सुईणीला विचारलं. “आवं, तुमीच न्हाई का दिलं दिवाळीत? विळ्यानं नाळ कापू नगा म्हनला. तवाधरनं समद्या लेकरांची ह्येनंच कापली. गोठ्याच्या कोनाड्यात जपून ठेवती, कुनाला हात लावू देत न्हाई.” पातं एकाच बाळाला वापरून टाकायचं, एवढं सांगायचं बाईंकडून राहूनच गेलेलं. दिवाळीपासून वाडीतली चार बाळं धनुर्वातानं जबडा आवळून गेली. वाडी सटवीला बोल लावत होती. बाईंनी तिथंच कोऱ्या वहीत रकाने आखले: बाळ कितव्या दिवशी गेलं, नाळ कशानं कापली, पातं कुणी दिलं. शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मांडीवरच्या पाच दिवसांच्या बाळाला थोपटत त्याची आजी कौतुकानं म्हणाली, “लय गुणाचं हाय. सकाळधरनं रडायलासुद्धा तोंड उघडलं न्हाई.”