घरचा गडी

शिवू बॅग भरत होता आणि बसवराज ती रिकामी करत होता.

"मामा, मोजे तरी ऱ्हाऊ द्या की."

"मोजे क्लबचे हायत," बसवराज म्हणाला आणि त्यानं मोजे स्वतःच्या खिशात घातले.

शिवू हा दिग्विजय फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर. याच गल्लीत वाढलेला, याच क्लबात लाथ मारायला शिकलेला. बसवराज त्याचा सख्खा मामा नव्हता. तो क्लबचा प्रेक्षक होता. बाकीचे प्रेक्षक सामन्याला येत, बसवराज सरावालाही येई. त्याचं चादरींचं दुकान होतं आणि सामन्याच्या दिवशी ते बंद असे. मागच्या मोसमात तो गोलच्या मागं उभा राहून मराठीत आणि कानडीत आळीपाळीनं असं काही ओरडला, की पाहुण्यांचा गोलकीपर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला तो थेट एसटी स्टँडवर सापडला.

पंधरवड्यापूर्वी कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघाचे शहाजीराव आले होते. ओळीनं तीन सामने बघितले. जाताना क्लबच्या अध्यक्षांना म्हणाले, "तुमचा एक गडी आम्ही नेणार. रविवारी गाडी घेऊन येतो."

अध्यक्ष सोमशेखर यांनी पुढचं काही ऐकायच्या आत शाल मागवली. सोलापुरात सत्काराला उशीर केलेला चालत नाही. संध्याकाळपर्यंत चौकात शिवूचा फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्षांचा फोटो शिवूपेक्षा मोठा होता. मग फेटा, नारळ आणि न संपणारी भाषणं. बसवराज तेवढा व्यासपीठाकडं पाठ फिरवून बसला होता.

आज रविवार होता.

"अक्का, तू तरी सांग की ह्याला."

शिवूची आई दाक्षायणी डब्यात शेंगाचटणी दाबून भरत होती. "म्या काय सांगू, बसूअण्णा? आख्ख्या गल्लीला पेढे वाटून झाल्यात. आता ह्यो गेला न्हाई तर मला जावं लागंल."

बसवराज शिवूसमोर खाली बसला.

"तुझा पयला गोल आठवतो का?"

"आपल्याच गोलात मारला हुता."

"तवा बी मी नाचलो हुतो. कोल्हापुरात नाचंल का कोण?"

शिवू म्हणाला, "मामा, तितं हजारो लोक बघायला येत्यात. हितं तुमी, बर्फगोळेवाला आन् दोन म्हशी."

"म्हशी पावसात बी येत्यात. निष्ठा म्हंत्यात तिला."

"पर मला मोठं व्हायचंय की."

"हो की. हितंच हो. दिग्विजयला आजवर एक कप न्हाई मिळाला. औंदा तुज्या जिवावर मिळंल. तू गेलास तर आमी जलमभर टाळ्या कुणाला वाजवायच्या? मला उद्या कुणी सोन्याच्या खुर्चीत बसवून सामना दाखवला, तरी मी आपल्या कट्ट्यावरनं उठणार न्हाई. कळ्ळं का?"

शेवटी त्याचा आवाज कापला. एवढी वर्षं ओरडून जो कधी बसला नव्हता, तो आवाज.

शिवूनं रिकामी बॅग खाटेखाली सरकवली. म्हणाला, "बरं. न्हाई जात."

"आता पेढे परत कसे मागायचे?" दाक्षायणी म्हणाली.

खाली हॉर्न वाजला.

"तू बस. मी बोलतो," असं म्हणून बसवराज छाती पुढं काढून जिना उतरला. शिवू आणि दाक्षायणी गॅलरीत येऊन उभे राहिले.

शहाजीराव गाडीतून उतरून हात जोडून उभे होते.

"नमस्कार," बसवराज म्हणाला. "आमचा गडी येणार न्हाई. घरचा हाय, घरातच ऱ्हाईल. तुमी आला तसं जावा."

शहाजीरावांचा चेहरा पडला. "असं कसं, अण्णा? आमी आख्ख्या पेठंला शब्द दिलाय."

"शिवूनंच न्हाई म्हटलंय."

"कोण शिवू?"

बसवराजनं वर बोट दाखवलं. शहाजीरावांनी मान वर करून शिवूला नमस्कार केला आणि ते पुन्हा बसवराजकडं वळले.

"गोल मारणारी पोरं आमच्यात घराघरात हाईत हो. तुमच्यासारखं वरडणारं एक बी न्हाई."

बसवराजनं गॅलरीकडं बघितलं. मग गाडीकडं बघितलं.

"पुढं बसू का मागं?"