उष्टा टंबलर

तंजावुरात पाहुणा कॉफीचा टंबलर ओठांना लावत नाही, वरूनच घोट तोंडात सोडतो. उष्टा टंबलर म्हणजे माणूस अगदी जवळचा. भरद्वाज घरी बसून ज्याचे डाग-ओरखडे साफ करत होता तो जुना मूकपट एवढ्याच गोष्टीवर उभा होता. नवरा घरी येतो, ओसरीवर बायकोच्या टंबलरशेजारी दुसरा, उष्टा टंबलर बघतो आणि तिच्यावर हात उगारतो. ती दाराकडे बोट दाखवते, आणि आतून तिचा भाऊ हसत बाहेर येतो.

दुपारी त्याने संगणकावर मूकपट पुन्हा लावला. बायकोने बोट दाखवलं, पण दारातून कुणीच आलं नाही.

त्याने परत पहिल्यापासून लावला. या खेपेला बायकोने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. उष्टा टंबलर उचलून ती सरळ पुढे चालत आली, इतकी पुढे की चित्र काळं झालं.

तेवढ्यात त्याची बायको सुप्रभा कॉलेजातून आली आणि उंबऱ्यातच थबकली. भरद्वाजच्या टंबलरशेजारी दुसरा टंबलर होता. त्याच्या काठावर ओठांची खूण अजून ओली होती.

“कोण आली होती?”

“कोणी नाही गं.”

“मग तोंड लावून प्यालं कोण, ते तरी सांगा.”

भरद्वाजने संगणकाकडे बोट दाखवलं.

पडद्यावरच्या ओसरीवर आता एकच टंबलर होता. नवरा हात उगारून एकटाच उभा होता. तो भरद्वाजकडे बघत नव्हता. भरद्वाजच्या पाठीमागे, आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता.