बूट घालून चटईवर

अकोल्याच्या भजनी मंडळातल्या तिघी मैत्रिणी शनिवार-रविवार काढून पुण्याच्या मॅरेथॉनला आल्या. कोथरूडला राहणाऱ्या मुलानं त्यांच्यातल्या इंदुबाईंच्या बुटाच्या नाडीत नोंदीची चिप ओवली, वर म्हणाला, “आई, तीन किलोमीटर तुझ्याच्यानं होणार नाही.” “पोचल्याचा मेसेजच दाखवते तुला,” म्हणत त्या शेवटपर्यंत धावल्या. मैत्रिणींचे मोबाइल वाजले; इंदुबाईंचा मात्र गप्प. स्वयंसेविकेनं लॅपटॉप पाहिला. “काकू, याच्या मते तुम्ही अजून धावताय.” “अगं, तुझ्यापुढे उभी आहे ना मी!” “शेवटच्या चटईवर पाय दिलात? नोंद तिथंच होते.” “चटईवर बूट घालून? मी आपली कडेनं आले.” “परत जाऊन पाय द्या.” इंदुबाईंनी बूट काढून बाजूला ठेवले आणि त्या अनवाणी चटईवर उभ्या राहिल्या. “काकू, चिप बुटात आहे!” इंदुबाईंनी पायांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. “मग धावलं कोण, मी की बूट?”