पहिला मान

आमच्या ओहायोच्या संग्राहकांच्या मेळाव्यात जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचं पहिलं बक्षीस यंदाही व्हर्लिनला मिळालं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. घासूनपुसून आरशासारखा लखलखीत केला होता पठ्ठ्यानं. मग मला दिसलं. वायरचं जुनं सुती वेष्टण विरलं होतं आणि आतली उघडी तार लोखंडी दांड्याला टेकली होती.

“वायर नवी नाही घातलीस?”

“छे! मूळ भाग बदलला की गुण कापतात ना.”

पुढचं मी बोललो नाही. बसू दे झटका, तोही सगळ्यांदेखत.

“चालवून दाखव!” लोक ओरडले.

व्हर्लिन माझ्याकडे वळला. “ड्वेन, ये रे. हे काम मला तूच शिकवलंस, पहिला मान तुझा,” म्हणत त्यानं दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः प्लग लावायला वाकला.