घोटभर

दार अजून उघडलं नव्हतं.

अल्तानझुल पाण्याच्या टपरीसमोर रांगेत उभी होती आणि मान वर करून टेकडीकडे बघत होती. उतारावर एकावर एक चढलेली लाकडी कुंपणं कोळशाच्या धुरात बुडाली होती. त्यातलं निळ्या फाटकाचं कुंपण तिचं. आत त्यांचा गेर, लोकरीच्या जाड नमद्याचा गोल तंबू, आणि अंगणाच्या पार टोकाला फळ्या ठोकून केलेला संडास. मघाशी सासूबाई कुंपणाला धरत धरत त्यात शिरताना तिला इथून दिसल्या होत्या. तपकिरी अंगरखा आत गेला, दार लागलं. तेव्हापासून रांग बरीच पुढे सरकली होती. दार मात्र तसंच.

रस्ता बर्फाने गुळगुळीत झाला होता, म्हणून पाण्याचा टँकर आठवडाभर वस्तीत चढलाच नव्हता. आज चढला. घरच्या पिंपात तळाशी जेमतेम चहापुरतं पाणी राहिलं होतं.

"दाम्बाकाका, माझी गाडी धराल का? वर जाऊन येते पटकन."

मागचा म्हातारा टोपी सावरत म्हणाला, "का गं? चुलीवर काही ठेवून आलीस?"

"आई संडासात गेल्यात. बाहेर आल्या नाहीत अजून."

"आमच्या वयाला वेळ लागतो, बाई. तुझं वय झालं की कळेल." तो हसला, तोंडातून वाफ निघाली. "रांग सोडलीस तर सगळ्यांच्या मागे जाशील हां. टाकी तळाला आलीय म्हणतात."

ती पुढे सरकली. दोन डबे बांधलेली हातगाडी बर्फावर करकरली. गेल्या हिवाळ्यात खालच्या गल्लीतली एक आजी अशीच गेली होती. संडासाची फळी मोडून खड्ड्यात पडली आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच नाही. अल्तानझुलने पुन्हा वर पाहिलं. दार बंद.

आता तिच्यापुढे एकच बाई उरली होती. टपरीच्या खिडकीतून नळी बाहेर आली, पाणी डब्यात कोसळायला लागलं. तो आवाज ऐकला आणि अल्तानझुल गाडी तिथेच टाकून पळत सुटली.

"अगं वेडी आहेस का! आता तुझाच नंबर!" दाम्बा ओरडला.

चढावर ती दोनदा पडली. गुडघा फुटला, तिला कळलंही नाही. फाटक ढकलून ती संडासापाशी पोचली.

"आई!"

तिने दारावर थाप मारली.

"आई, ओ द्या ना!"

दाराला आतून कडी होती. तिने खांद्याने धडक दिली, पुन्हा दिली, कडीचा खिळा निघाला. सासूबाई फळ्यांवर बसलेल्या होत्या. एका हाताने त्यांनी भिंतीतली खुंटी घट्ट धरली होती आणि डोळे टक्क उघडे होते.

"ओ का नाही दिलीत? जीव गेला माझा!"

"अख्खी वस्ती खाली रांगेत उभी आहे," त्या पुटपुटल्या. "संडासातून ओरडू? पाय उठेनात म्हणून सांगू सगळ्यांना?"

अल्तानझुलने त्यांचे कपडे सारखे केले, काखेत हात घालून त्यांना उचललं. त्या इतक्या सहज उचलल्या गेल्या की ती दचकली. ओठ भेगाळले होते, एका भेगेत रक्त सुकलं होतं.

"लघवी झाली का तरी?"

"थेंब थेंब. सकाळपासून आग होतेय नुसती. प्यायलंच नाही तर होणार काय?"

"प्यायलं नाही? आणि रोज भरभरून देते तो चहा?"

सासूबाईंनी अंगरखा घट्ट ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तुझी पाठ फिरली की कुत्र्याला."

"आई!"

"प्यायलं की जावं लागतं. या बर्फातून. तू पाण्याला जाणार, सरपणाला जाणार. मी कुणाला हाका मारू?"

गेरमध्ये त्यांना चुलीपाशी बसवून अल्तानझुल त्यांचे पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून इथे बादली ठेवते. आडोसा करते. कुणी बघणार नाही."

"चूल बघेल," सासूबाई म्हणाल्या. "समोर देव आहेत. त्यांच्यासमोर मी बादलीवर बसणार नाही. मेले तरी."

बाहेर करकर वाजलं. दारात दाम्बा उभा होता, धापा टाकत, भुवयांवर बर्फ साठलेला. मागे तिची गाडी होती. एक डबा भरलेला, दुसरा रिकामा.

"एवढ्यातच संपली टाकी," तो कुरकुरला. "म्हातारी आहे ना जागेवर?"

"आहे."

"मग झालं." त्याची नजर चुलीजवळ गेली. तो एकदम मान फिरवून निघून गेला. त्याचे स्वतःचे डबे कुठे दिसत नव्हते. तिच्या ते लक्षात आलं तोवर फाटक वाजलं होतं.

तिने चहा टाकला. दूध आणि मीठ घालून उकळला, वाडगा काठोकाठ भरला आणि सासूबाईंच्या हातात दिला. या खेपेला ती समोरच बसून राहिली. सासूबाईंनी वाडग्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. एक घोट घेतला. मग दुसरा. मग तहान आवरेना, त्या घटाघट पीत सुटल्या. चहा हनुवटीवरून ओघळला.

अल्तानझुलने रिकामा वाडगा घेतला, पुन्हा भरून दिला आणि आपल्या कोटाची बटणं काढायला लागली.

"राहू दे," सासूबाई वाडग्याआडून म्हणाल्या. "कोट अंगावरच असू दे. मला जावं लागेलच."