प्रयोगशाळेची भिंत

कॉलेजची जुनी इमारत पाडण्याआधी भिंतींत मुरलेले आवाज यंत्राने उतरवून संग्रहात ठेवले जात होते. संग्रहाचं काम पाहणाऱ्या मृदुला पटवारीने प्रयोगशाळा मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिथल्या आगीत तिची थोरली बहीण कुंदा गेली होती. धुराने ती लगेच बेशुद्ध पडली, असंच घरी सांगितलं गेलं होतं.

आज प्रयोगशाळेच्या भिंतीला यंत्र लावल्यावर आधी काचा फुटल्याचा आवाज आला. मग कुंदा ओरडू लागली, "कुणीतरी दार उघडा हो!" ती कितीतरी वेळ ओरडत राहिली.

"मॅडम, हे पुसून टाकू?" यंत्र चालवणाऱ्या सलीमने हळूच विचारलं.

"नको. तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही. आता तरी ऐकू दे सगळ्यांना."

मृदुलाने भिंतीला कपाळ टेकलं. "ताई," ती म्हणाली, "बोल गं, मी इथेच आहे."